बाबांना सांगितलेला आकडा

“शर्वरी, अबे हल ना! काय पुतळा होऊन राहिली?”

हेडफोनमधून शार्दूल ओरडत होता आणि मी खरंच पुतळा झाले होते. पडद्यावर माझी बंदूकवाली बाई एका दाराआड उभी होती. मी बटणं बडवत होते आणि ती ढिम्म हलत नव्हती. मग कुणीतरी येऊन तिला मारलं, आणि ती मेली हेसुद्धा मला जरा उशिराच कळलं. खाली कोपऱ्यात एक पिवळी पट्टी आली. या नेटवर्कवर दुसऱ्या एका यंत्राचा पत्ता आणि तुमचा पत्ता एकच आहे, असं काहीतरी तिच्यावर लिहिलेलं होतं. पाठोपाठ नेट गेलं.

“गेलं?” मागून बाबांनी विचारलं.

“गेलं.”

“अरेरे!” बाबांनी भडंगाची वाटी बाजूला ठेवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “असू दे. शोधूया की आपण. फॉल्ट म्हटला की सापडतोयच.”

बाबा सांगलीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. अर्ध्या जिल्ह्यातले टीव्ही आणि मिक्सर दुरुस्त करणारे लोक त्यांना रस्त्यात थांबवून ‘मगदूम सर’ म्हणून नमस्कार करत. त्यामुळे बाबा ‘शोधूया’ म्हणाले की सापडणार, याबद्दल मला शंका नव्हती. माझी शंका वेळेबद्दल होती, कारण माझ्याकडे वेळच नव्हता.

त्या वर्षी मी बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला होते आणि अभ्यास सोडून बाकी सगळं मन लावून करत होते. आमची पाच जणांची टीम होती. शार्दूल नागपूरचा, तो आमचा कप्तान. बाकीचे कुठले कुठले. एकमेकांना प्रत्यक्ष कुणीच पाहिलेलं नव्हतं, पण एकमेकांच्या श्वासावरून आम्हाला कळायचं की आता हा डावीकडून जाणार. हैदराबादच्या एका कंपनीला आमच्यासारखी टीम हवी होती. त्यांनी तीन चाचणी सामने ठेवले होते, बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी, संध्याकाळी सहाला. पसंत पडलो तर वर्षभर हैदराबादला राहायचं, पगार घ्यायचा आणि खेळायचं. ज्याचं नेट सामन्यात सारखं तुटेल त्याला वगळून राखीव खेळाडू घेणार, हेही त्यांनी आधीच बजावलं होतं.

घरी हे सांगितलं त्या दिवशी आईने हातातली कणीक तशीच ठेवली. “चार परक्या पोरांबरोबर एका घरात राहायचं आणि दिवसभर गेम खेळायचा? नाही. मला पटत नाही आणि पटणारही नाही.”

बाबा मात्र हसले. “अगं, जमाना बदललाय. शरू, तू खेळ. निवड झाली तर मी स्वतः सोडायला येतो हैदराबादला.”

आमच्या घराची ही जुनीच रीत होती. नाही म्हणायचं काम आईचं, हो म्हणायचं बाबांचं. सायकल, केस कापणं, सहलीला गोव्याला जाणं, प्रत्येक वेळी मी आईशी कडाकडा भांडले आणि मग बाबांनी मला जवळ घेतलं. मैत्रिणी म्हणायच्या, असा बाप नशिबाने मिळतो. मलाही तसंच वाटायचं.

सामन्यांच्या दिवशी तर बाबांनी आमराईतलं संध्याकाळचं फिरणं बंद केलं होतं. बारा महिने न चुकवलेलं फिरणं! “तू एकटी लढणार आणि मी तिकडं झाडं मोजत फिरू का?” असं म्हणत त्यांनी माझ्या खोलीत खुर्ची टाकली. सरावाच्या दिवशी ते फिरायला जात. सामना असला की माझ्यामागे बसून राहत.

पहिला सामना असा तुटल्यावर त्या बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी आम्ही दोघांनी सगळी तपासणी केली. प्रकार साधा होता. घरातल्या प्रत्येक यंत्राला, टीव्हीला, फोनला, कॉम्प्युटरला राऊटर एकेक आकडी पत्ता देतो. गेम खेळणारे लोक आपल्या कॉम्प्युटरला एक पत्ता स्वतःच कायमचा नेमून देतात. मीही दिला होता, बाबांना शेजारी बसवून. तोच पत्ता दुसऱ्या कुणी घेतला की राऊटर गोंधळतो. एकाच घरावर दोन कुटुंबांच्या पाट्या लावल्यावर पोस्टमनचं जे होईल ते.

“एखादं यंत्र हट्टी राहते,” शार्दूल फोनवर म्हणाला. “तू आपला पत्ता बदलून टाक ना. हाय काय त्यात!”

मी शेवटचा आकडा बदलला. बाबा शेजारीच होते. त्यांना म्हटलं, “आता बावीस केलाय.” त्यांनी मान डोलावली. “झ्याक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फॉल्ट शोधायचा पहिला नियम.”

गुरुवारचा सराव लोण्यासारखा झाला. शुक्रवारी सामना सुरू झाला, आम्ही पुढे होतो, शार्दूल चक्क गाणं म्हणायला लागला होता, आणि मी पुन्हा गोठले. पुन्हा ती पिवळी पट्टी. मी हेडफोन फेकून बाहेर धावले. दिवाणखान्यात आईने नुकताच टीव्ही लावला होता. आमचा टीव्ही नेटवरच चालायचा.

“बंद कर तो! मुद्दाम करतेस ना तू?”

“मी काय केलं?”

“मॅचच्या वेळेलाच बरा टीव्ही आठवला! मी गेलेली तुला नको आहे, म्हणून चाललंय हे सगळं.”

आता, आईला पत्ता म्हणजे पाकिटावर लिहितात तो, एवढंच माहीत होतं. टीव्हीच्या पोटात शिरून त्याचा आकडा बदलणं तिच्या सात जन्मांत शक्य नव्हतं. पण संतापलेल्या माणसाला एवढं कुठलं सुचायला? मी तोंडाला येईल ते बोलले. आई शांतपणे ऐकत होती. मग तिने टीव्ही बंद केला.

“तू जावंस असं मला वाटत नाही, हे खरं आहे,” ती म्हणाली. “पण मला बंद करायचं असतं ना शरू, तर तो राऊटर का फिऊटर उचलून मी गॅलरीतनं खाली टाकला असता. तुझ्यादेखत. असली लपवाछपवी मला जमत नाही.”

ती उठून आत गेली. बाबा दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, “आईवर ओरडू नये बाळा. तिचीही काही बाजू असते.” केवढा मोठ्या मनाचा आमचा बाबा, असं मला वाटलं. शनिवारभर आई आणि मी एकमेकींशी बोललो नाही. सकाळी तिने पोहे केले, बशी माझ्यासमोर ठेवली आणि निघून गेली. बाबा आपले पोहे खात पेपर वाचत होते.

हैदराबादवाल्यांनी शार्दूलला कळवलं होतं की रविवारी शेवटची संधी. त्याने मला ते शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं. “बघ शर्वरी, राखीव पोरगा तयार हाय, पण मले तो नको. मले तू पाहिजेस. काहीपण कर ना बाप्पा, पण नेट धरून ठेव.”

रविवारी दुपारी आम्ही घर पालथं घातलं. मी पुन्हा पत्ता बदलला आणि बाबांना सांगितला. मग कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडली. तिच्यातून राऊटरला सारख्या हाका मारायच्या आणि तो किती वेळात ओ देतो ते बघायचं, असा तो प्रकार. मी आकड्यांवर नजर ठेवून बसले आणि बाबा घरभर फिरून एकेक यंत्र बंद करत गेले.

“टीव्हीची पिन काढली!” दिवाणखान्यातून आवाज आला. “काय म्हणतंय?”

“तुटतंयच!”

“आईचा फोन बंद केला!”

“तरी तुटतंय!”

माझा फोन झाला, बाबांचा फोन झाला, आईच्या पतसंस्थेचा लॅपटॉप झाला. घरात माझ्या कॉम्प्युटरशिवाय एकही यंत्र चालू राहिलं नाही, आणि तरीही हाका वाऱ्यावर जात होत्या. बाबा कपाळाचा घाम पुसत माझ्या खोलीत आले. “म्हणजे आपल्या घरात काही नाही. फॉल्ट बाहेरचा आहे. अशपाकला बोलावूया.”

अशपाकभाई आमच्या भागातल्या नेटच्या लायनी बघायचे. रविवार असूनही आले बिचारे. त्यांनी त्यांचं यंत्र लावलं, दोनदा बघितलं आणि मान हलवली. “सर, लाइन एकदम क्लीन हाय. तुमच्या आतलंच कायतरी हाय बघा.”

“आतलं सगळं बंद करून बघितलंय रे,” बाबा म्हणाले. “खालचा बॉक्स बघूया चल. मी दाखवतो.”

दोघं खाली गेले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि बॉक्स फाटकाजवळ. मी कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीवर नजर लावून बसले होते. थोड्याच वेळात आकडे सुधारले. हाक, ओ, हाक, ओ. एकही चुकेना. मी आनंदाने किंचाळत गॅलरीत गेले.

“अशपाकभाई, झालं! मस्त झालं! काय केलंत?”

खालून त्यांनी वर बघितलं. “अवो ताई, अजून झाकणबी उघडलं न्हाई!”

मी हसले. ते हसले. बाबाही हसले, पण थोडं उशिरा. अशपाकभाई गेले, बाबा जिना चढून वर आले, दारात चपला काढल्या, आणि माझ्या खोलीत आकडे पुन्हा तुटायला लागले.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे मला ज्यांनी शिकवलं होतं, ते बेसिनपाशी तोंड धूत होते. आणि घरात दुसरं काहीही बदललेलं नव्हतं.

मी स्वतःलाच शिव्या घातल्या. म्हटलं, शुक्रवारी आईवर आळ घेतलास, आज बाबांवर, उद्या देवावर घेशील. पण हात ऐकेनात. मी बाहेर जाऊन म्हटलं, “बाबा, मॅचच्या आधी चहा घेऊया? दूध संपलंय.”

दूध संपलेलं नव्हतं. आईने ओट्याजवळून माझ्याकडे बघितलं.

बाबा पिशवी घेऊन गेले. आकडे सुरळीत झाले. बाबा आले. आकडे तुटले.

मग मला आठवलं की बाबांचा एक जुना फोन होता, काच तडकलेला. सिमकार्ड काढून ते त्याच्यावर नुसती भजनं ऐकायचे. दुपारी बंद केलेल्या यंत्रांत तो कुठे होता? बाबा तो नेहमी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवत. तो खिशात घेऊन ते घरभर फिरले होते, टीव्हीची पिन काढत, आईचा फोन बंद करत, मला दर वेळी ‘काय म्हणतंय?’ असं विचारत. आणि दर वेळी नवा आकडा त्यांना मीच सांगितला होता.

सहा वाजायला आले होते. मी पत्ता पुन्हा बदलला. बाबा चहाचा कप घेऊन आत आले, आपल्या खुर्चीत बसले आणि अगदी सहज म्हणाले, “नवीन टाकलास का? कुठला आकडा?”

मी त्यांच्याकडे बघितलं. तोच चेहरा, चष्मा तसाच नाकावर घसरलेला. मी खोटा आकडा सांगू शकले असते. सांगितला असता तर सामना नीट झाला असता, याची मला खात्री होती. पण मग बाबांनी काय केलं असतं, ते मला कधीच कळलं नसतं. मला हैदराबाद हवं होतं, जीव तोडून हवं होतं. पण त्या घडीला त्याहून जास्त मला हे हवं होतं की माझं चुकलेलं असावं.

“सत्तेचाळीस,” मी म्हटलं. खरा होता तो. “बाबा, आज शेवटची मॅच आहे. आज तुटलं तर मला काढणार.”

“माहीत आहे मला.”

“मला खूप मनापासून जायचंय, बाबा.”

“अगं, नाही तुटणार,” बाबा म्हणाले. “मी बसलोय ना इथं.”

सामना सुरू झाला. मी आयुष्यात इतकी चांगली कधी खेळले नव्हते. शार्दूल ओरडून ओरडून बेजार झाला होता. “काय खेळून राहिली बे तू! काय खेळून राहिली!” अर्धा सामना झाला, तरी नेट हललंसुद्धा नाही. माझे डोळे भरून आले. पडद्यावरचं धड दिसेना, तरी मी मारत सुटले होते. नाही करत ते, मी मनात म्हणत होते, नाही करत, माझा बाबा नाही करत असलं. वळून त्यांच्या पाया पडावं असं वाटत होतं.

आम्हाला शेवटच्या दोन फेऱ्या हव्या होत्या. शार्दूल म्हणाला, “चला, आता जिंकून राहिलो आपण.” ते बाबांनाही ऐकू गेलं असणार, कारण हेडफोनचा आवाज मी मोठा ठेवला होता. माझ्या मागे भडंग खाल्ल्याचा कुरकुर आवाज चालू होता, तो थांबला.

माझी बाई एका जिन्यावर चढत होती. ती तिथेच थांबली.

मी बटणं बडवली नाहीत. पिवळी पट्टी यायची मी वाट बघितली. ती आली. मग हेडफोन काढून ठेवला आणि खुर्ची फिरवली.

“बाबा, जुना फोन द्या.”

“कुठला फोन?”

“खिशातला.”

त्यांनी आधी चष्मा काढून पुसला. मग फोन काढून माझ्या हातात ठेवला. त्यांनी सेटिंग झाकायचेही कष्ट घेतले नव्हते. पत्त्याच्या रकान्यात शेवटी सत्तेचाळीस होतं.

“का?” मी विचारलं.

“तिथं कोण आहे आपलं? ती पोरं कोण, कुठली. लोक काय म्हणतील. आणि शिक्षण अर्धवट टाकून...”

“मग नाही म्हणायचं! ‘जाऊ नकोस’ म्हणायचं!”

“तू रडली असतीस.”

“रडले असते! भांडले असते तुमच्याशी! रडून मरत नाही कोणी!”

“मी तुला आजवर कधी कशाला नाही म्हटलंय का, शरू?” बाबा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. “मला नाही जमत गं. आईशी तू भांडतेस, चार दिवस बोलत नाहीस. मला ते सोसवलं नसतं. नेट गेलं, संधी हुकली, नशीब, असं झालं असतं. तू माझ्या गळ्यात पडून रडली असतीस आणि विसरली असतीस.”

त्यांनी सगळं ठरवलेलं होतं. मी कुणाच्या गळ्यात पडून रडायचं, तेसुद्धा.

दारात आई उभी होती. हात पुसायचं फडकं तिच्या हातात तसंच होतं. तिने बाबांकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

“काल ही माझ्याशी बोलत नव्हती,” ती म्हणाली, “तेव्हा तुम्ही तिथं बसून पोहे खात होता.”

“अगं, मी तिला सांगितलं की आईवर ओरडू नको म्हणून...”

“हो. ऐकलं मी ते.”

आई आत निघून गेली. तिने रडारड केली नाही, भांडी आपटली नाहीत. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवायला पुढे आले आणि मी खुर्ची मागे सरकवली. त्यांचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी भडंगाची वाटी उचलली आणि बाहेर गेले.

राखीव मुलाला घेऊन टीम हैदराबादला गेली. शार्दूलने मला बऱ्याच वेळा फोन केला. पहिल्यांदा उचलला तेव्हा म्हणाला, “काय होतं बे शेवटी? सापडला का फॉल्ट?” मी लाइन खराब होती असं सांगितलं आणि मग त्याचे फोन उचलायचं बंद केलं. बी.फार्म पुरं केलं, पुण्यात औषध कंपनीत लागले. तो खेळ पुन्हा खेळले नाही. बाबांशीही मी भांडले नाही. भांडायला समोरचा माणूस समोर असावा लागतो, आणि बाबा त्या रविवारनंतर माझ्याशी पहिल्यापेक्षाही गोड वागायला लागले होते.

पुढे काही वर्षांनी मी लग्नाचं ठरवलं. मुलगा माझ्याच कंपनीतला, तारिक शिकलगार. सांगलीला जाऊन दोघांना समोर बसवून सांगितलं. आईचा चेहरा उतरला. “मला झेपेल की नाही, मला माहीत नाही,” ती म्हणाली. “मला थोडे दिवस दे.” आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

बाबांनी मला जवळ घेतलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “तुझ्या सुखात आमचं सुख, बाळा. बिनधास्त कर. मी उभा आहे तुझ्या पाठीशी.”

मी हळूच सुटका करून घेतली आणि आईच्या मागे आत गेले. ती ओट्याला टेकून उभी होती. गॅस पेटवलेला नव्हता.

“आई,” मी अगदी हळू आवाजात विचारलं, “बाबा हो म्हणाले. त्याचा अर्थ काय धरायचा?”

आईने बाहेरच्या खोलीकडे एकदा बघितलं. बाबा कुणाला तरी फोनवर हसत हसत सांगत होते की आमच्या शरूचं ठरलं.

“मला नको विचारूस,” ती म्हणाली. “माझ्याशी लग्न करायला ते हो म्हणाले होते, त्याचा अर्थसुद्धा मला अजून कळलेला नाही.”